सिकलसेल तपासणी: समाज विचारून की सरसकट?

पैनगंगाकाठ:
सिकलसेलचं (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचं) राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. वयाच्या ४० वर्षांपर्यंतचे ७ कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट तेव्हा ठरलं होतं. नांदेडच्या किनवट-माहूरपुरतं माझं मत स्पष्ट आहे: आधी गोंड, प्रधान यांच्या वस्त्या पूर्ण करा, बाकीचं गाव नंतर. जनुक आईबापाकडून येतं आणि आपल्याकडं लग्नं समाजातच होतात. दोघं वाहक (एकच सिकल जनुक असलेले, स्वतः आजारी नसलेले) असले तर दर बाळंतपणात एसएस (दोन्हीकडून ते जनुक आलेलं, आजारी) मूल होण्याची शक्यता २५ टक्के. बैलजोडी एक आणि वावर पन्नास एकर असलं की आधी कुठलं नांगरायचं ते ठरवावंच लागतं.

काळीमाती:
फरक आहे, वाद नाही. पण तो जातीनं आणला नाही, हिवतापानं आणला. वाहकाला फाल्सिपेरम मलेरिया जीवघेणा होण्याचा धोका कमी, म्हणून जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथं हे जनुक टिकलं. सातपुड्यात, गडचिरोलीत, तसंच आफ्रिकेत आणि अरबस्तानात. विदर्भात ते अनुसूचित जातींतही आहे. समाज पाहून गाळणी लावली की यादीबाहेरच्या घरातलं, सांधे दुखणारं, डोळे पिवळे झालेलं लेकरू संधिवात नाहीतर कावीळ म्हणून दवाखाने फिरत राहतं. आणि यादीतल्या पोरीला 'वाहक' हा शब्द लग्नात आडवा येतो, ती आजारी नसतानाही. पहिल्या गरोदर तपासणीलाच प्रत्येकीचं रक्त घ्या, समाज विचारूच नका.

पैनगंगाकाठ:
गरोदरपणी म्हणजे उशीर झालाच की ताई. गर्भाचं निदान वारेच्या नमुन्यातून दहा-अकरा आठवड्यांनंतर करता येतं, आणि त्याआधी नवरा-बायको दोघांचे रिपोर्ट हातात हवेत. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, मार्च-एप्रिलला परततात. मधल्या काळात कोण कुणाला गाठणार? आश्रमशाळेत तपासा, लग्नाआधी.

तपासनीस:
तुमच्या भांडणात नळीकडं कुणी बघेना. गावात होते ती विद्राव्यता चाचणी: २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं थांबायचं, मागं रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. पण ती चाचणी एएस (वाहक) आणि एसएस वेगळे करत नाही, तिला फक्त 'एस' आहे एवढंच कळतं. हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यावं लागतं, नाहीतर एस असूनही रेघा स्वच्छ दिसतात. आपल्याकडच्या गरोदर बायांचा अशक्तपणा पाहता ही चूक किरकोळ नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, नुकतंच रक्त चढवलेला पेशंट, दोन्हींत ही चाचणी फसते. द्रावणातली डायथायोनाइटची पूड दमट हवेत लवकर मरते, म्हणून रोज सकाळी माहितीतल्या एएस रक्तानं पडताळणी. ती करणारे फार थोडे.

आणि खरा खड्डा पुढं आहे. बायको एएस निघाली, नवऱ्याची नळी निगेटिव्ह, सगळे खूश. नवरा बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा दुसरा आनुवंशिक आजार) वाहक असला तर? त्याची नळी निगेटिव्हच येणार, पण मूल एस-बीटा (एकीकडून एस, दुसरीकडून बीटा) होऊ शकतं, आणि ते एसएसइतकंच भोगू शकतं. बीटाचं प्रमाण सिंधी, लोहाणा अशा भलत्याच समाजांत जास्त. म्हणून बायको वाहक निघाली की नवऱ्याची एचपीएलसीच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरची तपासणी), नळी नको. ए-टू हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांवर आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) कमी, की बीटाचा संशय घ्या. इथं तुमची समाजाची यादी कामाची नाही, पैनगंगाकाठ.

वावरभर:
एवढी धास्ती कशाला? आपला सिकल जनुकाचा अरब-इंडियन प्रकार, त्यात गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुढंही जास्त राहतं, त्यामुळं आजार आफ्रिकेपेक्षा सौम्य.

काळीमाती:
सरासरीनं सौम्य. नागपूरकडं त्याच प्रकाराचे चांगलेच गंभीर पेशंट नोंदलेले आहेत. एकच जनुक, पण मे महिन्यात ४३ अंशात पाण्यावाचून राबणारा आणि सावलीत बसणारा सारखे नाहीत. फडात पहाटेची थंडी, दिवसभर घाम, प्यायला अर्धी बाटली: पेशी वाकायला एवढं पुरतं. 'सौम्य' म्हणून हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं रोजचं औषध लांबवू नका. किलोमागे १०-१५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मोजत मोजत. दिवस राहिलेल्या बाईला नको. पाच वर्षांखालच्या एसएस लेकराला पेनिसिलिन रोज दोनदा. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर घरी गोळी देऊन वाट पाहायची नाही. आईला प्लीहा (डाव्या बरगडीखालचा अवयव) चाचपायला शिकवा, तिच्यात एकाएकी रक्त साचू शकतं. पोट एकाएकी फुगलं, लेकरू पांढरं पडलं की रक्त चढवण्याची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, तेही तासाभरात.

पैनगंगाकाठ:
एचपीएलसीचं मान्य. नवऱ्यासाठी समाज बघणार नाही. पण आश्रमशाळा आधी, यावर मी ठाम आहे. आणि नोंदवहीत समाजाचा रकाना ठेवावाच लागेल, नाहीतर पुढच्या वर्षी किट कुठं पाठवायच्या ते सांगता येणार नाही.

काळीमाती:
रकान्यात गाव आणि पाडा लिहा. किट गावाला जाते.