पहिलीच्या मुलांना नाणी ओळखायला आणि मोजायला कशी शिकवावीत?

मंजिरी_पहिलीवर्ग
पहिलीचा वर्ग, मराठी माध्यम, २६ मुलं. नाण्यांचा घटक सुरू आहे. मुलं ५० पर्यंत बिनचूक मोजतात, पाच-पाचच्या टप्प्यानेही म्हणतात. पण खरी नाणी पुढे ठेवली की तीन ठिकाणी अडतं.

एक, दोनचं आणि पाचचं नाणं. "मोठं असतं ते पाचचं" असं सांगितलं, तरी चुकतातच.
दुसरं, पाच, दोन आणि एक अशी तीन नाणी ठेवून "किती रुपये?" विचारलं की उत्तर येतं "तीन".
तिसरं, ५, ५, २, १ मोजताना "पाच, दहा, पंधरा, वीस" असं म्हणून मोकळे होतात.

छापील कागदी नाण्यांऐवजी खरी वापरावीत का, आणि वापरायची तर किती लागतील, तेही सांगा.

नाणेघाट
"मोठं ते पाचचं" हे वाक्य आजपासून बंद करा, ताई. मुलं तुमचं ऐकतात म्हणूनच चुकतात. व्यास बघा:

२०१९ ची मालिका: रुपया २० मिमी, दोन २३, पाच २५, दहा आणि वीस दोन्ही २७.
२०११ ची मालिका (₹ चिन्ह आलं ती): रुपया सुमारे २२, दोन २५, पाच २३, दहा २७.

म्हणजे दोन आणि पाच यांनी मापांची चक्क अदलाबदल केली, आणि दोन्ही मालिका आज एकाच गल्ल्यात फिरतात. त्यात हाताच्या मुद्रेचा जुना रुपया, अंगठा दाखवणारा, तोही २५ मिमी. मुलाच्या तळहातावर २५ मिमीची तीन नाणी ठेवली तर ती एक, दोन आणि पाच रुपयांची असू शकतात. दोन बोटं दाखवणारं दोनचं नाणं तर २७ मिमी, म्हणजे दहाच्या नाण्याएवढं. आकारावरून ओळखायचं असेल तर मोठ्यांचीसुद्धा भंबेरी उडेल.

रंग त्यापेक्षा बराच भरवशाचा. या दोन्ही मालिकांत एक आणि दोन पांढरी (स्टेनलेस स्टील), पाच पिवळं (निकेल-पितळ). एक साधा चुंबक आणा: एक आणि दोन चिकटतात, पिवळं पाच चिकटत नाही. मुलांना हे फार आवडतं आणि लक्षातही राहतं. मात्र जुनं जाडजूड पांढरं पाचचं नाणं (तांबं-निकेल, ९ ग्रॅम) आणि त्यानंतरचं स्टीलचं पाच या नियमात बसत नाहीत. ती सुरुवातीला बाजूला काढा. अकरा कोनांचं जुनं दोनचं नाणंही तसंच.

दहा आणि वीस: दहाला बाहेर पिवळी कडी, आत पांढरी चकती. वीसला बरोबर उलट, बाहेर पांढरी आणि आत पिवळी. शिवाय वीसचं नाणं गोल नाही, बारा कोनांचं आहे. डोळे मिटून बोटाने कड चाचपली तरी कळतं. २०१९ ची मालिका दृष्टिहीनांना ओळखता यावी या हेतूनेच काढली होती.

तर पहिले आठ-दहा दिवस फक्त २०१९ नंतरची नाणी. ती ओळखू लागले की २०११ ची मिसळा आणि "वेगळं दिसतं, तरी पाचच का?" हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. उत्तर एकच: नाण्यावरचा आकडा वाचायचा.

खडूफळा
नाणेघाट यांच्या शेवटच्या वाक्यात मराठी शाळेपुरती एक मेख आहे. नाण्यावरचा आकडा इंग्रजी वळणाचा असतो आणि पहिलीतलं मूल १, २, ५ असे आकडे गिरवून आलेलं असतं. दोन साधारण ओळखू येतो, पण आपला ५ आणि नाण्यावरचा पाच यांचा चेहरा एकमेकांशी जुळत नाही. इंग्रजी नऊ तर मुलांना आपल्या १ सारखा वाटतो. म्हणून आधी दोन दिवस पाचच आकड्यांची जोडी लावून घ्या: एक, दोन, पाच, दहा, वीस. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासायला सांगा, आकडा उमटतो, त्याखाली मुलाने मराठी आकडा लिहायचा. कागद सरकला की दोन प्रतिमा उमटतात, म्हणून नाण्याच्या मागे चिकटपट्टीचा गोळा लावून ते बाकाला बसवा. स्मारक नाणी यासाठी घेऊ नका. त्यांच्यावर एका बाजूला चित्र असतं आणि किंमत बहुधा दुसरीकडे, सिंहांच्या खाली बारीक अक्षरात.

आता "तीन" या उत्तराबद्दल. मूल बरोबरच मोजतंय, त्याने वस्तू मोजल्या. आजवर आपण त्याला एका वस्तूला एक आकडा असंच शिकवलं. एकच वस्तू "पाच" असू शकते ही कल्पना त्याच्यासाठी पूर्ण नवी आहे आणि ती सांगून कळत नाही.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या करा. एक चौकोन २.५ सेंमीचा. पाचाची पट्टी १२.५ सेंमी, दोनाची ५ सेंमी, दहाची २५ सेंमी. पाचाच्या पट्टीवर पाच बंदे रुपये मांडायचे, मोजायचे, ते उचलून दुकानदाराला द्यायचे आणि बदल्यात पाचचं एक नाणं घेऊन पट्टीच्या शेवटच्या चौकोनात ठेवायचं. चौकोन पाचच राहतात, नाणं एक होतं. हे उलटही करा: पाचचं द्या, पाच रुपये मोडून घ्या. उलट बाजू बहुतेक वर्गांत राहून जाते आणि पुढे मोड घेताना तीच नडते.

मग पाच, दोन, एक या नाण्यांच्या पट्ट्या एकापुढे एक लावून चौकोन मोजू द्या. आठ येतात. पट्टी काढल्यावर मूल पाचच्या नाण्यावर पाच वेळा बोट टेकवून मोजेल. टेकवू द्या. ही पायरी घाईने काढून घेतली की "तीन" परत येतं. बोट आपोआप थांबतं आणि मूल थेट "पाच" म्हणून पुढे "सहा, सात, आठ" म्हणू लागतं.

एकक_दशक
पट्ट्या उत्तम. क्रमाबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणेन: पाचाआधी दहा घ्या. पहिलीत काड्यांचे गठ्ठे चाललेलेच असतात, दहाचं नाणं म्हणजे एक गठ्ठा आणि रुपये म्हणजे सुट्या काड्या. तीन दहाची आणि चार रुपये म्हणजे चौतीस, हे दशक-एककातून सरळ येतं. पाचाला तसा आधार नाही.

खडूफळा
मोजण्यासाठी मान्य. पण बदलून घेण्यासाठी दहा बंदे रुपये मांडताना लहान मुलाचं एखादं हमखास सुटतं किंवा दोनदा मोजलं जातं, आणि मग सगळा वेळ ते शोधण्यात जातो. पाच नजरेत मावतात, हाताच्या बोटांशीही जुळतात. अदलाबदल पाचावर शिकवावी, बेरीज दहापासून सुरू करावी, असा मी मधला मार्ग धरेन.

ताईंचा तिसरा प्रश्न, "पाच, दहा, पंधरा, वीस", हा घोळ नाणं बदललं तरी पाढा न बदलण्याचा आहे. तोंड लयीत चालू असतं, डोळे मागे राहतात. उपाय असे:

आधी नाणी जातवार लावायची, मोठ्या किमतीची डावीकडे. दोन जातींच्या मध्ये पेन्सिल आडवी ठेवायची. पेन्सिल आली की थांबायचं, झालेली बेरीज मोठ्याने म्हणायची ("दहा!"), पुढच्या नाण्यावर बोट ठेवून "हे कितीचं?" विचारायचं आणि मगच पुढे जायचं. मोजलेलं नाणं खाली ओढून घ्यायचं, नुसतं बोट दाखवून चालत नाही.

मिश्रणांचा क्रमही महत्त्वाचा: १० आणि १, मग ५ आणि १, मग १० आणि ५, मग तिन्ही. दोनचं नाणं सगळ्यांत शेवटी. पाचानंतर दोन-दोन मोजायचं म्हणजे "सात, नऊ, अकरा" अशा विषम संख्या, आणि ती लय मुलांच्या तोंडात बसलेली नसते. तुमचं ५, ५, २, १ हे उदाहरण पहिल्या आठवड्यासाठी जड आहे.

आणखी एक अडचण वीसच्या पुढे येते. वीस आणि पाच ही नाणी मांडली की डोळ्याला आधी वीस दिसतं, तोंडाने मात्र "पंचवीस", म्हणजे पाच आधी. काही मुलं यामुळे ५२ लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशी जोडणी आली, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. बाजू कोणतीही घ्या, नाणी मोजताना "वीस... पाच... पंचवीस" असं दोन्ही म्हणून घ्यायला हरकत नाही.

मंजिरी_पहिलीवर्ग
पट्ट्या उद्याच कापते. खऱ्या नाण्यांचं काय? आणि दुकान-दुकान खेळताना उरलेले पैसे परत देण्याची वजाबाकी पहिलीला झेपेल का?

नाणेघाट
खरीच वापरा. कागदी नाण्याला वजन नाही, कड नाही आणि चुंबकाचा खेळही नाही. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या संचांत मापं अनेकदा मनाला येतील तशी असतात.

२६ मुलांचे सहा गट करा. प्रत्येक गटाला रुपयाची १०, दोनची ५, पाचची ४, दहाची २ आणि वीसचं १. म्हणजे २२ नाणी, ८० रुपये. सहा गटांचे १३२ नाणी आणि ४८० रुपये, आणि ते खर्च होत नाहीत, घटक संपला की परत. सुटे बँकेतून आणा. प्रत्येक डबीच्या झाकणावर आत किती नाणी आहेत ते लिहा आणि तास संपताना मुलांनीच मोजून डबी बंद करायची. तो रोजचा सराव फुकटात होतो.

नाणी साबणाच्या पाण्यात धुऊन पुसून घ्या. चिंच-लिंबाने घासू नका, पिवळ्या नाण्यांचा रंग बदलतो. तक्त्यावर लावायची असतील तर दुहेरी चिकटपट्टी वापरा. भोक पाडणं किंवा कापणं नको, नाणी नष्ट करायला २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे.

किराणा_कट्टा
परत देण्याचं मी सांगतो, गल्ल्यावर आम्ही वजाबाकी करतच नाही. किमतीपासून दिलेल्या पैशांपर्यंत चढत जायचं. वस्तू १३ ची, दिले २०. पहिला रुपया ठेवताना "चौदा", दुसरा "पंधरा", मग पाचचं नाणं "वीस". ठेवलेले मोजले की सात. मुलाला पुढे मोजता आलं म्हणजे झालं.

चूक होते ती पहिल्याच नाण्याला. मूल ते ठेवताना "तेरा" म्हणतं आणि एक रुपया जास्त जातो. म्हणून किंमत म्हणताना हात वस्तूवर ठेवायचा, "तेरा" वस्तूला दिला, आता नाण्याला "चौदा". किमती ४, ८, १३, १८ अशा ठेवा, म्हणजे पाचाच्या किंवा दहाच्या घराजवळ थांबा मिळतो. सुरुवातीला ७ किंवा ११ नको, चढण लांब होते.

पालकांना सांगायचं तर खऱ्या दुकानात मुलाला दुपारी पाठवा. संध्याकाळच्या गर्दीत मागचा गिऱ्हाईक घाई करतो आणि मूल मूठ उघडून सगळी चिल्लर आमच्यासमोर धरतं, तिथे शिकणं संपलं. आधी बरोब्बर पैसे देऊन आणायची वस्तू, पाचचा बिस्किटपुडा वगैरे. परत घेण्याचा व्यवहार नंतर. आणि हो, एक रुपयाऐवजी गोळी घ्यायची नाही हेही शिकवा. आम्हा लोकांची ती सवय मुलांनीच मोडली तर बरं.

जर्सीकर
अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी वरचा "आकडा वाचा" हा मंत्र चालत नाही, म्हणून लिहितोय. इथल्या पेनी (एक सेंट), निकेल (पाच), डाइम (दहा), क्वार्टर (पंचवीस) या नाण्यांवर किंमत शब्दांत असते, आकडा नसतोच. त्यात दहा सेंटचं डाइम (१७.९ मिमी) हे पाच सेंटच्या निकेलपेक्षा (२१.२ मिमी) लहान. इथे कडच बघावी लागते: डाइम आणि क्वार्टरच्या कडेला खाचा, पेनी आणि निकेलची कड गुळगुळीत. बदलून घेण्याच्या पट्ट्या मात्र जशाच्या तशा वापरता येतील, फक्त क्वार्टरसाठी पंचवीस चौकोनांची पट्टी फार लांब होते. तिथे पाच बाय पाचची चौकट करा.

किलबिल_ओपीडी
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती नाणी देऊच नका, आणि पहिलीच्या वर्गातही "नाणं तोंडात नाही" हा नियम डबी उघडण्याआधी. धाकटं भावंड असेल त्या घरी गृहपाठाला खरी नाणी पाठवू नका.

नाणं गिळलं तर बोट घालून काढायचा प्रयत्न, उलटी करवणं, वरून केळं किंवा भाताचा घास देणं, यातलं काहीही करू नका. मूल खेळत असलं तरी एक्स-रे करून घ्या, अन्ननलिकेत अडकलेलं नाणं काही वेळ त्रास न देता बसू शकतं. लाळ गळणं, गिळताना दुखणं, खायला नकार ही अडकल्याची लक्षणं. श्वास लागत असेल किंवा मूल निळं पडत असेल तर एक क्षणही थांबू नका.

२०१९ चा रुपया २० मिमीचा आहे, आणि रिमोट, खेळणी, वजनकाट्यात असते ती सीआर-२०३२ बटण-बॅटरीही बरोबर २० मिमीची. चकचकीत, गोल, मुलाच्या दृष्टीने नाणंच. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजणं होऊ शकतं, त्यामुळे "नाणं गिळलं" असं मूल म्हणालं तरी बॅटरी नसल्याची खात्री एक्स-रेनेच करायची. दुकान-दुकान खेळात आवाज करणारा खेळण्यातला गल्ला ठेवणार असाल तर त्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का ते आधी बघा.