पाण्यात उभे राहिलेले अंडे वापरावे का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक) :
मागच्या बुधवारी गोदाघाटावरच्या आठवडे बाजारातून दीड डझन गावरान अंडी आणली होती. फ्रिजमध्ये जागा नसल्यामुळे ती ओट्याखालच्या टोपलीतच राहिली. आज आठ दिवसांनी ती पाण्यात टाकून पाहिली, तेव्हा बारा तळाशी आडवी बसली, पाच टोकावर उभी राहिली आणि एक चक्क तरंगले. सासूबाईंच्या मते उभी राहिलेलीही टाकून द्यावीत. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ :
उभे राहिलेले अंडे जुने असते, नासलेले असेलच असे नाही. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात; त्यांतून आतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो, हवा आत शिरते, आणि बोथट टोकाकडची पोकळी वाढल्यामुळे ते टोक पाण्यात वर उचलले जाते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात हे फार लवकर घडते. तरंगलेले मात्र टाकून द्यावे. बाकीची एकेक करून वेगळ्या वाटीत फोडावीत. बलक फुगीर राहिला आणि पांढरे त्याला धरून राहिले, तर अंडे ताजे. दोन्ही पसरले, तर जुने. कुजका वास आला, तर प्रश्नच मिटला. मी एकदा सहावे अंडे थेट भुर्जीच्या कढईत फोडले आणि आधीची पाच, परतलेल्या कांद्यासकट, फेकावी लागली.

उत्तर २ :
पांढरे किंचित धूसर दिसले तर घाबरू नये, ते ताजेपणाचेच लक्षण आहे. उभी राहिलेली पाच उकडून टाकावीत. थोडी जुनी अंडी सोलायला सोपी जातात.

उत्तर ३ :
उकडण्याशी मी सहमत नाही, कारण कच्चे असताना आत काय आहे ते पाहण्याची संधीच जाते. शिवाय साल्मोनेला जिवाणू असले तरी रंग, वास किंवा तरंगणे यांवरून ते कळत नाहीत. म्हणून बलक आणि पांढरे दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावे, अर्धकच्चे आम्लेट या अंड्यांचे नको. आणखी एक गोष्ट : भिजलेल्या कवचातून जंतू आत जाणे सोपे होते, तेव्हा पाण्यात घातलेली अंडी पुन्हा टोपलीत ठेवू नयेत.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे आभार. पाचपैकी चार ठीक निघाली; पाचव्याचा बलक फोडताच फुटला, वास नव्हता, तरी सासूबाईंनी ते बाजूला काढले. उरलेली बारा आजच रश्शात जातील.