शब्दचर्चा : पौगंड, गद्धेपंचविशी, वयात येणे

प्रश्न

एम.ए.साठी ‘शाळा’ आणि ‘कोसला’ या दोन कादंबऱ्यांवर टिपण लिहिते आहे. वाढत्या वयातला, ‘मी कोण’ या प्रश्नाशी झगडणारा नायक असला की समीक्षेत जर्मनमधला ‘बिल्डुंग्जरोमान’ हा शब्द येतो. मराठीत त्यासाठी कुणी ‘जडणघडणीची कादंबरी’ लिहितं, कुणी ‘पौगंडावस्थेची’, कुणी ‘संस्कारक्षम वयाची’. कुठला शब्द घ्यावा? आणि पौगंड म्हणजे नक्की कितवं वर्ष?

प्रतिसाद

पौगंडापासून सुरुवात करतो, कारण या शब्दाने मराठीत येताना वय बदललं आहे. संस्कृतात पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, तिथून पंधरा-सोळापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन अशी वाटणी सांगतात. भागवताच्या दहाव्या स्कंधात बलराम-कृष्ण पौगंड वयात आले तेव्हा त्यांना गाई राखायची परवानगी मिळाली, असं वर्णन आहे. त्याआधी ते वासरं राखत. म्हणजे हे सहा ते दहा वर्षांचं पोर. आपण मात्र मिसरूड फुटलेल्या, आवाज फुटलेल्या मुलाला पौगंडावस्थेतला म्हणतो. हिंदीने त्याच वयासाठी किशोरावस्था घेतली. आपल्याकडे ‘किशोर’ म्हटलं की बालभारतीचं मासिक आठवतं, १९७१पासून निघणारं, शाळकरी मुलांचं. पौगंड वर सरकला आणि किशोर खाली.

मराठीत रूढ झालेला अर्थच मराठीत खरा, त्यामुळे टिपणात पौगंड वापरायला हरकत नाही. पण तो शब्द डॉक्टरी आहे. शरीर, ग्रंथी, मुरमं, समुपदेशन हे सगळं त्याच्यामागून येतं. ‘शाळा’तल्या (२००४) मुकुंदाचं वय नववीतलं, काळ आणीबाणीचा. त्याला आवडणारी शिरोडकर दिसली की काय होतं, ते ‘पौगंडावस्थेतील आकर्षण’ असं लिहिलं की त्या पोराचा जीव त्यातून निघून जातो. मी तरी असं लिहिणार नाही.

‘जडणघडण’ शब्द म्हणून फार सुंदर आहे. मूळ जर्मन ‘बिल्डुंग’मध्येही आकार देणं आहेच, तेव्हा तो शब्द चपखल बसतो असं वाटतं. पण घडण म्हटली की घडवणारा हात येतो. ‘श्यामची आई’ (१९३५) घ्या. तिथे तो हात आहे, आईचा. श्यामचं प्रत्येक वागणं त्या हाताखालून जातं, आणि मोठा झालेला श्याम ते आश्रमातल्या मित्रांना सांगतो. त्याला घडण म्हणा, संस्कार म्हणा, दोन्ही शोभतं.

आता पांडुरंग सांगवीकर. ‘कोसला’ १९६३ची. गावाकडचा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, उधळपट्टी करतो, शिक्षण धड पुरं न करता गावी परततो. मधे धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. या सगळ्यातून तो काय ‘घडला’? त्याची ओळख करून देणारं वाक्य बघा : ‘आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ माणूस गावाचं नाव उदाहरणादाखल सांगेल, फळाचं सांगेल. स्वतःचं वय उदाहरणादाखल? वयाबद्दल शंका नाही, ते पंचवीसच आहे. पण पंचवीस वर्षांचं असणं म्हणजे काय हे त्याला पटलेलं नाही, म्हणून तो आपल्या वयाकडेही कुणा दुसऱ्याच्या वयाकडे बघावं तसा बघतो. एका क्रियाविशेषणात इतकं सगळं मावलेलं मी मराठीत दुसरीकडे वाचलेलं नाही. या पुस्तकाला जडणघडणीची कादंबरी म्हणणं मला चूक वाटतं.

पांडुरंगाच्या वयाला मराठीत अस्सल शब्द आहे : गद्धेपंचविशी. सोळा ते पंचवीस ही गाढवपणाची वर्षं. शब्दात टोमणा आहे, पण मुभाही आहे. ‘गद्धेपंचविशीत चालायचंच’ असं म्हणून घरदार पोराला सोडून देतं. पंचविशी उलटली की हिशोब सुरू. पांडुरंग त्या उंबऱ्यावर उभा राहून बोलतो, म्हणून त्याचं पंचवीस असणं मला नुसता आकडा वाटत नाही.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. पण मग मुलींचं काय? गद्धेपंचविशीतली मुलगी असं मी कधी ऐकलेलं नाही.

प्रतिसाद

मला या सगळ्या चर्चेत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलगी त्याच वयात लग्नाविना राहिली तर तिच्यासाठी ‘घोडनवरी’ हा शब्द तयार असे. मुलगा गाढव, मुलगी घोडी. पण गाढवाला नऊ वर्षांची सूट आणि घोडीला एका दिवसाचीही नाही.

बाकीचे शब्दही तपासून बघा. मुलगा ‘हाताशी येतो’, ‘कर्ता होतो’, ‘पायावर उभा राहतो’. मुलीला ‘न्हाण येतं’, ‘पदर येतो’, ती ‘वयात येते’. मुलाचं मोठं होणं कामावर मोजलं, मुलीचं शरीरावर. ‘शहाणी झाली’ हा प्रयोग तर ऐकताना बरा वाटतो, पण खेड्यापाड्यांत त्याचा अर्थ पाळी आली एवढाच होता. शहाणपणाशी काही संबंध नाही. ‘वयात येणे’ मुलांसाठीही वापरतात हे खरं, तरी ‘पोरगी वयात आली’ या वाक्यात जी धास्ती आहे ती ‘पोरगा वयात आला’मध्ये नाही.

यामुळे मुलींच्या वाढीची गोष्ट आपल्याकडे वेगळ्या जागी सापडते. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या कथा. त्या काळी अशा मुलींना ‘प्रौढ कुमारिका’ म्हणत. हा शब्दही ताडून बघा : प्रौढ आणि कुमारी, दोन वयं एकाच बाईवर लादलेली, आणि मधलं तारुण्य गायब. पुस्तकावर वादळ उठलं. लेखिकेला नाव झाकावं लागलं, ते उगाच नाही. टिपणात मुलांच्याच कादंबऱ्या असल्या तरी निदान एक परिच्छेद या शब्दांवर द्या.

आणखी एक प्रतिसाद

वर सगळा विचार वयाचा चालला आहे. पण ‘मी कोण’ हा प्रश्न काही पोरांना वयात येण्याची वाट न बघता गाठतो. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४) घ्या. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे म्हणजे तोळ्याला एक मासा कमी, हिणकस. अनौरस माणसाला हा शब्द लावत. आई महार, बाप पाटील, आणि मुलाच्या वाट्याला दोघांकडचं पुरतं काहीच नाही. पांडुरंगाला ओळख सापडत नाही, या मुलाला ती जन्मतःच चिकटवलेली आहे, तीही सोनाराच्या तराजूतली. लेखकाने तोच शब्द उचलून मुखपृष्ठावर ठेवला.

‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघं एकच. लहानपणचं नाव एकाकडे, मोठेपणी कमावलेलं दुसऱ्याकडे. ही आत्मकथनं आहेत, कादंबऱ्या नव्हेत, म्हणून अभ्यासात त्यांचा कप्पा वेगळा पडतो. मला तो कप्पा मान्य नाही. पोराच्या मोठं होण्याबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं सर्वांत धारदार तिथे आहे.

प्रतिसाद

आत्मकथनांबद्दल पूर्ण सहमत. त्यावरून एक सुचवतो. वरचे सगळेच शब्द बाहेरून लावलेले आहेत. घोडनवरी, हाताशी आलेला, वयात आलेली, अक्करमाशी : हे सगळं इतर लोक म्हणतात. पोराच्या बाजूचा शब्द मराठीत एकच दिसतो, तो ‘कळणे’. ‘मला कळायला लागलं तेव्हा...’ अशी सुरुवात कुणीही करतो, बाई असो की पुरुष. ‘कळतं वय’ म्हणताना आकडा लागत नाही. प्रकाश नारायण संतांच्या लंपनला बघा. आई-बाबांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. सगळं ‘मॅडसारखं’ वाटतं म्हणतो, कारण जे कळायला लागलंय त्याला त्याच्याजवळ अजून दुसरा शब्द नाही.

तेव्हा ‘कळत्या वयाची कादंबरी’ लिहा. ‘शाळा’ला चालेल. लंपनचं ‘वनवास’ हा कथासंग्रह आहे, त्याला ‘कळत्या वयाच्या कथा’ म्हणा. ‘कोसला’ला ओढूनताणून लावू नका, तिच्यापाशी ‘गद्धेपंचविशी’ हाच शब्द ठेवा आणि तो का, हे पहिल्या वापराजवळच सांगा. पौगंड लिहिलंत तर साधारण बारा ते अठरा असं वय सोबत द्या, नाहीतर संस्कृत शिकलेले परीक्षक अडवतील.