मदत हवी आहे: लेसमध्ये लांब रंगीत मजकुराचा रंग मध्येच जातो

पायथनमध्ये कमांड-लाइन प्रोग्राम लिहिते आहे. तो लॉग तपासून लांबलचक अहवाल छापतो: शीर्षकं ठळक, एरर लाल. थेट टर्मिनलवर छापला की सुरुवातीचा सारांश वर निघून जातो आणि वाचणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. म्हणून मजकूर लेसकडे पाठवते, म्हणजे लांब मजकूर पडद्यापडद्याने दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे (पेजरकडे).

नुसत्या लेसमध्ये प्रत्येक शीर्षकाआधी ‘ईएससी[१एम’ असं काहीतरी, म्हणजे ठळक करण्याचा कोडच, दिसायचं. कॅपिटल आर हा पर्याय दिल्यावर ते गेलं. आता अडचण वेगळीच आहे. एररचा मजकूर चार-पाच ओळींचा असतो. लाल रंगाचा कोड पहिल्या ओळीआधी आणि रीसेट (रंग बंद करणारा कोड) शेवटच्या ओळीनंतर देते. पण शोध घेऊन मधल्याच ओळीवर पोचलं, तर ती साधी दिसते. एरर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये, म्हणून हे नीट व्हायलाच हवं. स्मॉल आर वापरू का?

उत्तर १
स्मॉल आर नको. त्यात सगळेच कंट्रोल कॅरेक्टर जसेच्या तसे टर्मिनलला जातात, लेसचा रुंदीचा हिशेब चुकतो आणि लांब ओळींची मोडतोड होते. मूळ कारण असं, की लेस ओळीओळीने पडदा भरतं. वर कुठेतरी सुरू झालेला रंग खालच्या ओळीला लावत नाही. प्रत्येक ओळीला स्वतःचा रंग आणि स्वतःचा रीसेट द्या. मात्र टेक्स्टरॅप या पायथन मॉड्यूलने ओळी आधी मोडा, रंग नंतर. उलट केलंत तर टेक्स्टरॅप कोडची अक्षरंही लांबीत धरतो आणि रंगीत ओळी आखूड होतात.

उत्तर २
आउटपुट टर्मिनलवरच जातंय का, हे इज-ए-टीटीवाय या फंक्शनने आधी बघा. फाइलमध्ये किंवा ग्रेपसारख्या शोधणाऱ्या प्रोग्रामकडे जात असेल तर पेजरही नको आणि रंगही नको. ‘नो_कलर’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरलेलं असेल तरी रंग टाळा. लेसचे पर्याय ज्यात ठेवतात ते ‘लेस’ नावाचं व्हेरिएबल सेटच केलेलं नसेल तेव्हा गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) त्यात एफ, आर, एक्स हे पर्याय घालतं. वापरणाऱ्याने स्वतः काही ठेवलं असेल तर त्याला हात लावत नाही. मला ही पद्धत फार पटते. एफमुळे छोटा अहवाल पेजरमध्ये अडकत नाही, एक्समुळे बाहेर पडल्यावरही मजकूर समोर राहतो.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार! आधी ओळी मोडून मग रंग दिला. आता कुठल्याही ओळीवर उडी मारली तरी लाल दिसतं. फक्त अहवाल पूर्ण लिहून व्हायच्या आत लेसमधून बाहेर पडायला क्यू दाबलं की ब्रोकन पाइपचा एरर येतो.

उत्तर २
वाचणाऱ्याने पेजर बंद केला, एवढाच त्याचा अर्थ. तो एक्सेप्शन पकडा आणि गुपचूप बाहेर पडा.