ओल्ड-स्कूल डी अँड डी: नव्या ग्रुपला 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' देणं आता बंद करा

मशालवाला:
कोणी विचारलं की जुन्या पद्धतीचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन डाइसवर खेळायचा कथेचा खेळ) सुरू करतोय, पहिलं अ‍ॅडव्हेंचर कुठलं घेऊ, की उत्तर ठरलेलं, कीप घे, खेळ बनवणाऱ्यांपैकी गायगॅक्सचं आहे, अख्ख्या पिढीने खेळलंय. अरे बाबांनो, ते सुरुवातीच्या नियमांच्या बेसिक सेटच्या खोक्यातच यायचं म्हणून खेळलं, दहा मॉड्यूल (छापील तयार गोष्टी) वाचून निवडलं नव्हतं कोणी. आता शेकडो पर्याय आहेत तरी आपण तिथेच. आणि आहे काय त्यात? एका घळीत कोबोल्ड, ऑर्कच्या दोन टोळ्या, गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, नोल, मिनोटॉर, सगळे राक्षस चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे दाराला दार लावून. किल्ल्यातल्या एका माणसाला नाव नाही, नुसते हुद्दे, कॅस्टेलन, बेलिफ, क्युरेट. नवा डीएम (खेळ चालवणारा) बिचारा नावं शोधण्यातच अर्धा दमतो.
माझं मत, 'टूम ऑफ द सर्पंट किंग्ज' घ्या. 2017 चं, फुकट मिळतं, आणि शिकवण्यासाठीच लिहिलंय. तो हातोड्याचा दरवाजा बघा. दाराला दगडी अडसर, तो उचलला की खालच्या खुंट्या वर येतात आणि छतातून हातोडा खाली. पण खुंट्या दिसतात! जो नीट विचारतो, अडसर कशावर टेकलाय, तो वाचतो. डाइस टाकायचीही गरज नाही. एवढ्या एका दारात ओल्ड-स्कूल म्हणजे काय ते पोरांना कळतं.

सातारी_डीएम:
दादा, तुझा हातोडा मान्य, पण हेच कीपमध्ये आधीपासून आहे की. कोबोल्डच्या गुहेत शिरलं की तीस फुटांवर खड्डा, पुढच्या रांगेतला प्रत्येक जण सहापैकी तीनच्या चान्सने आत पडतो, पण काठीने टोचत गेलात तर नाही. मॉड्यूलमध्ये तसं लिहिलंय. मग नवीन काय शिकवलं?
आणि चाळ म्हणतोस ना, तीच तर मजा आहे! गॉब्लिनवर हल्ला झाला की ते शेजारच्या ओगरकडे नाण्यांची थैली फेकतात, पैसे मिळाले की तो मदतीला येतो. आता पार्टीने, म्हणजे प्लेयरांच्या पात्रांच्या गटाने, विचार करायचा, ओगरला आपणच जास्त दिले तर? ऑर्कच्या दोन टोळ्यांना एकमेकांत झुंजवलं तर? सर्पंट किंग्जमध्ये लेखक बोट धरून पुढे नेतो, कीपमध्ये कुठल्या गुहेच्या तोंडाने आत जायचं इथपासून प्लेयर ठरवतात. मला तर पहिल्या सेशनला तेच पाहिजे.

मशालवाला:
ओगरची थैली डीएमला माहीत, प्लेयरला कुठून कळणार? माझ्या टेबलवर नवीन पोरं सरळ तलवार काढतात.

सातारी_डीएम:
कारण तू रिअ‍ॅक्शन रोल टाकत नसशील, म्हणजे समोरचा राक्षस कसा वागेल ते ठरवणारे डाइस. 1981 च्या बेसिकमध्ये दोन डाइसवर बेरीज दोन आली तरच राक्षस थेट अंगावर येतो, सहा ते आठ म्हणजे त्याचंही अजून ठरलेलं नाही. तो रोल टाकला की बोलणं आपोआप सुरू होतं. आणि सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण, त्यावर लेव्हल वाढते), फायटरला दुसऱ्या लेव्हलला 2000 लागतात. मारून किरकोळ मिळतो, खरा एक्सपी खजिन्यात. हे एकदा सांगून बघ, तलवारी आपोआप म्यान होतात.

पेन्सिल_नकाशा:
तुम्ही दोघं भांडा, मी आपली बी-वन वाली. म्हणजे 'इन सर्च ऑफ द अननोन' हे मॉड्यूल, माइक कारचं, कीपच्याही आधी बेसिक सेटमध्ये हेच असायचं. नकाशा आहे, खोल्यांची वर्णनं आहेत, राक्षस आणि खजिना मात्र डीएमने यादीतून निवडून पेन्सिलने भरायचा. वेगवेगळ्या पाण्याच्या कुंडांची ती खोली आठवते का? एकात अ‍ॅसिड, एकात वाइन, प्रत्येक जण बोट घालू की नको करत बसतो. लढाई शून्य आणि तासभर आरामात जातो. तयार अ‍ॅडव्हेंचर वाचून दाखवण्यापेक्षा स्वतः भरलेलं डीएमच्या अंगात मुरतं.

मशालवाला:
ताई, पन्नासवर खोल्या आहेत त्यात. ऑफिस सुटल्यावर कोण भरणार?

पेन्सिल_नकाशा:
सगळ्या कशाला भरतोस, पहिल्या दिवशी पार्टी पाच-सहाच बघते. आणि रिकामी खोलीही लागतेच, नाहीतर मशाल संपायची भीती कुठून येणार?

तळघरातला_ठग:
हे सगळं गुळमुळीत आहे. टूम ऑफ हॉरर्स काढा, मग कळेल कोण खेळाडू आहे 😈

सातारी_डीएम:
भावा, ते 1975 च्या ओरिजिन्स कन्व्हेन्शनमध्ये स्पर्धेसाठी चालवलेलं, वरच्या लेव्हलच्या पात्रांसाठी. हिरव्या राक्षसाच्या तोंडात डोकं घातलं की विषय संपला, सेव्हिंग थ्रो, म्हणजे डाइस टाकून वाचायची संधी, नाही काही नाही. नव्या माणसाला ते दिलंस तर तो परत फोन उचलणार नाही तुझा.

घाटावरची_क्लेरिक:
एक मुद्दा कोणीच काढत नाहीये. कीपमध्ये कोबोल्डच्या बिळात बायका आणि पिल्लंही आहेत, चक्क आकड्यासकट. आमच्या टेबलवर एका पोरीने विचारलं, ह्यांचं काय करायचं, आणि डीएमची बोलतीच बंद. ज्यांना हा प्रश्न टेबलवर नकोय त्यांनी ते मॉड्यूल घेऊच नये, किंवा आधीच ठरवून बदलावं. माझ्यासाठी निवडताना हा मुद्दा खोल्यांच्या संख्येपेक्षा मोठा आहे. मेलेल्या सर्पराजांच्या थडग्यात निदान सुरुवातीला तरी ही अडचण येत नाही.

सातारी_डीएम:
मुद्दा खरा आहे, पण म्हणून टाळायचं का? तो प्रश्न पडला म्हणजे खेळ चांगला चाललाय असं मी म्हणेन. त्यांना सोडून दिलं तर ते कोणाकडे जातील, शेजारच्या ऑर्ककडे की किल्ल्याच्या वाटेवर, इथून पुढचे दोन शनिवार निघतात.

घाटावरची_क्लेरिक:
तुझ्या टेबलवर निघत असतील. आमच्याकडे ती पोरगी पुढच्या वेळी आलीच नाही.

नवा_भिडू:
सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. आम्ही चौघं, दोघं पुण्यात, एक दुबईला, एक न्यू जर्सीत, ऑनलाइन तीन तास मिळतात तेही मागे-पुढे होतात. काय घेऊ?

मशालवाला:
सर्पंट किंग्जचं फक्त वरचं खोटं थडगं घे. मातीच्या मूर्ती, आत हाडांचा सांगाडा, विषारी वायू, मग हातोडा. तीन तासांत होतं, आणि कोणी पुढच्या वेळी नाही आलं तरी काही अडकत नाही.

सातारी_डीएम:
किंवा कीपमधली एकच कोबोल्डची गुहा, बाकी घळ नुसती लांबून दाखव. पिल्लांचं मात्र आधी चौघांना विचारून घे. न्यू जर्सीवाल्याची सकाळ असणार, त्याला मशाली मोजायला लाव, झोप उडेल.

मशालवाला:
बघ, शेवटी कीप घुसवलंच ह्याने.