नाकाच्या अ‍ॅलर्जीवर इम्युनोथेरपी: इंजेक्शन की जिभेखालची गोळी?

प्रश्न: प्रिक टेस्टमध्ये (त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सुई टोचायची तपासणी) धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे कीटक) पॉझिटिव्ह आलेत. स्टिरॉइड स्प्रे रोज मारूनही सकाळच्या शिंका आणि चोंदलेलं नाक काही जात नाही. आता इम्युनोथेरपी, म्हणजे त्याच माइट्सचा अर्क थोडा थोडा देऊन शरीराला सवय लावायचा उपचार, सुचवलाय. त्यात इंजेक्शन बरं की जिभेखालची गोळी? किती वर्षं? मध्ये खंड पडला तर?

प्रतिसाद १: आधी निदान पक्कं करा. ३ मिमीची गांधी उठली म्हणजे शरीरात त्या गोष्टीविरुद्ध अँटिबॉडी आहेत, एवढंच कळतं. त्रासही जुळायला हवा: वर्षभर, अंथरुणात आणि झाडलोट करताना जास्त. (सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या टेस्टआधी आठवडाभर बंद हव्यात. स्प्रे चालतो.) रिपोर्टातल्या दहा-बारा गोष्टींचं एकच मिश्रण कोणी देत असेल तर नाही म्हणा. प्रत्येकाचा डोस पातळ होतो, शिवाय बुरशी आणि झुरळाच्या अर्कातली एन्झाइम्स परागांची प्रथिनं तोडतात.

प्रतिसाद २: इंजेक्शन दंडाच्या मागच्या बाजूला, त्वचेखाली. पहिले ३ ते ६ महिने आठवड्याला एक-दोनदा, डोस चढवत. मग २ ते ४ आठवड्यांनी एक. दरवेळी ३० मिनिटं दवाखान्यात बसायचंच, कारण गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा त्याच वेळात येते आणि तेव्हा अ‍ॅड्रेनालिन (ती रिअ‍ॅक्शन आवरणारं इंजेक्शन) हाताशी हवं. त्या दिवशी जोरदार व्यायाम नको. दंडावर खाज, सूज आली तर बर्फ पुरतो. खंड पडला तर जुनाच डोस पुढे रेटू नये. किती आठवडे गेले ते पाहून डॉक्टर तो खाली आणतात.

गोळीचा पहिला डोस दवाखान्यात, नंतर घरी रोज. जिभेखाली पूर्ण विरघळू द्या, पुढची पाच मिनिटं खाणंपिणं नाही. सुरुवातीला तोंडाला, घशाला खाज सुटते, बहुधा काही आठवड्यांत कमी होते. दात काढला असेल किंवा तोंडात जखम असेल तर भरेपर्यंत थांबा.

मुदत दोन्हीची किमान ३ वर्षं. बरं वाटलं म्हणून दोन वर्षांत सोडलं की फायदा टिकत नाही. पण वर्षभरात काहीच फरक नसेल तर ओढत बसू नका.

प्रश्नकर्ता: दमा असेल तर?

प्रतिसाद १: आटोक्यात असेल तर चालतं. धाप किंवा घरघर असेल त्या दिवशी डोस नाही. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरच्या काही गोळ्या) घेत असाल तर आधीच सांगा, त्या गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनालिन नीट लागू पडत नाही. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू आणि सोसत असेल तर डोस न वाढवता पुढे नेता येतं.