आधी चाचणी, मग धडा: बरोबर की चूक?

खानापूरच्या बाई
बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळेत सातवीला कन्नड शिकवते. धडा सुवाच्य उतरवून काढणारी पोरं स्टँडवर बसची पाटी वाचताना गप्प होतात. यंदा आधी ठरवलं, दिवाळीपर्यंत प्रत्येकानं पाच पाट्या न अडखळता वाचायच्या. मग चाचणी काढली, आणि धडे शेवटी आखले. जूनमध्येच चाचणी घेतली तर कळलं, वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच, तिथं कुणी अडत नाही. अडतात ते ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ'पाशी, कारण मराठीत तो भेदच नाही. 'कोडु'तला ओ आखूड म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'! इतक्या वर्षांत यावर मी एक तासही दिला नव्हता. यंदा आठ दिवस तेवढंच घेतलं. प्रत्येक शिक्षकानं असंच आखून शिकवावं.

निपाणीचे गुरुजी
बाई, तुमची मेहनत मान्य. पण गरज तपासा, आराखडा करा, साहित्य बनवा, शिकवा, मूल्यमापन करा, या आखून शिकवायच्या पाच पायऱ्या १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी बसवल्या. जवानाला नेमून दिलेलं काम शिकवायचं असतं. माझ्यासमोर एका खोलीत चार इयत्ता आहेत. आठवडी बाजारात पोरगं कन्नड गिऱ्हाइकाशी बोलत भाषा शिकतं, त्याचा आराखडा कुणी केला? आणि पाटीचं उद्दिष्ट ठेवलं की पाटीच येते, कविता राहते.

चिकोडीचा पालक
गुरुजी, एका खोलीत अनेक इयत्ता, यावरच तर १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात नली-कली, म्हणजे खेळत-रमत शिकायची पद्धत, सुरू झाली की. धड्यांची कार्डं, त्यांच्या क्रमाची शिडी, जो तो आपल्या पायरीवर. ते आखलेलंच शिक्षण आहे.

निपाणीचे गुरुजी
तशा वर्गावर होतो मी. पोरं रमायची, खोटं कशाला बोलू. पण तपासणीला आलेल्या साहेबांनी एकाही पोराला वाचायला लावलं नाही. भिंतीवरचा पोरांच्या प्रगतीचा तक्ता बघितला, सही केली, गेले. तेव्हापासून माझा निम्मा वेळ तक्ता भरण्यात जायचा.

खानापूरच्या बाई
साहेब तक्ता बघतात म्हणून आपण विचार करायचा सोडायचा? माझा आराखडा वहीच्या अर्ध्या पानावर मावतो. कवितेचं मात्र तुमचं खरं आहे, ती मागं पडली. पुढच्या सहामाहीत तिच्यासाठी वेगळे तास ठेवते. पण काल 'लोंढा' या गावाची कन्नड पाटी वाचताना एक पोरगी थांबली आणि म्हणाली, "बाई, हा ओ लांब ना?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, गुरुजी.